वैजू, धार मी मोडली होती

वैजू,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा, असा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मंडळात सगळे शिकलेले. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, माझं अक्षर म्हणजे लेथखाली पडलेला कीस. पण फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "मिस्त्रीकाका, लिहिणं जमणार नसेल तर तुम्ही नुसतं सांगा, आम्ही उतरवून घेऊ." झालं. जमणार नाही असं मला कुणी म्हटलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. त्याच दिवशी वही आणवली.

तुझी जन्मतारीख, पदव्या, परदेशातली व्याख्यानं, हे सगळं तुझ्या भावाने मंडळाला लिहून दिलंय. मला त्यातलं निम्मं माहीतही नव्हतं. मी लिहिणार ते आपल्या दोघांतलं. त्यातली एक गोष्ट तुलाही माहीत नाही. तेराव्याला नदीपलीकडे बेहाल्याला तुझ्या घरी आलो होतो तेव्हा सांगणार होतो, पण हार घातलेल्या फोटोशी बोलायचं म्हणजे मला पोरकटपणा वाटला. लिहिलेलं बरं. लिहिलेलं मागे घेता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा माझ्या हावड्याच्या शेडमध्ये आलीस. लाँचने नदी ओलांडून, धक्क्यावरून चालत, घामाघूम, काखेत नळकांडं. त्यात चित्रं. मी फोनवर तुझ्या काकूशी भांडत होतो. "डबा विसरलो नाही. मुद्दाम ठेवून आलो. दोडका होता." तू दारातच हसायला लागलीस.

"काका, तुम्ही मराठी? तो दोडका मला द्या, मला आवडतो."

हावड्याच्या त्या गल्लीत पन्नास वर्षांत माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं. तरी मी तोंड वाकडंच ठेवलं. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी फार गोड बोललं की मला संशय येतो. चित्र उघडलं. टिकलीएवढी गोल खोली, तिला दोन बाजूंनी दोन वाटा, केसापेक्षा थोड्या जाड.

"हे काय?"

"पंप."

"आणि झडप?"

"झडप नाही. बिनझडपेचा पंप."

मी म्हटलं, "बाई, हातपंपातलं चामडं काढा आणि मग पाणी काढून दाखवा. तुम्ही डॉक्टर असाल, पण पंप मी जन्मभर उघडलेत."

तू रागावली नाहीस. लाकडी पेटीवर बसलीस आणि समजावलंस. ते मी इथे माझ्या शब्दांत लिहितो, मंडळातल्या वाचणाऱ्यांसाठी, कारण तू काय करायचीस हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नसणार. खोलीवर पितळेची पातळ चकती, तिला विजेने आखडणारा एक थर चिकटवलेला. वीज दिली की ती डमरूच्या कातड्यासारखी वर-खाली थरथरते. वर गेली की दोन्ही वाटांनी पाणी आत येतं, खाली आली की दोन्हींनी बाहेर जातं. पण वाटा सरळ नाहीत, एका टोकाला अरुंद, दुसऱ्याला रुंद. त्यामुळे पाण्याला एका दिशेने जाणं सोपं पडतं, उलट दिशेने जड. दर थरथरीला एकीकडून थोडं जास्त येतं, दुसरीकडून थोडं जास्त जातं. तो जो फरक, तोच पंप. त्यात हलणारं पान नाही, म्हणजे अडकायला काही नाही, झिजायला काही नाही. "आणि काका, झडपेत रक्तातल्या पेशी चिरडतात. मला थेंबभर रक्तावर तपासणी करणारी डबी करायचीय. गावातल्या नर्सच्या पिशवीत मावेल अशी."

हे मला पटलं. पण वाटेची दिशा पटली नाही. तू म्हणालीस, पाणी अरुंद तोंडातून शिरून रुंदीकडे सुखाने जातं. मी म्हटलं, नरसाळं पाहिलंय का कधी? रुंदीकडून ओततात. तू म्हणालीस, नरसाळ्यात पाणी आपल्या वजनाने पडतं, ते वेगळं. इथे कोन जर अगदी लहान ठेवला तर पाणी भिंत धरून हळूहळू पसरतं आणि त्याचा जोर वाया जात नाही. मी म्हटलं, काहीतरीच. तू म्हणालीस, करून बघा.

मी करून बघितलं, हे तुला सांगितलं होतं. कसं बघितलं ते नव्हतं. वीतभर लांबीची पितळेची निमुळती नळी केली, तुझ्याच कोनाची. बादलीला बुडाशी भोक पाडलं. गच्चीवर काकूला घड्याळ देऊन बसवलं. एकदा रुंद तोंड बादलीकडे, एकदा अरुंद. बादली कुठल्या वेळी लवकर रिकामी होते ते बघायचं. काकू मोजायची, मी पाणी भरायचो. पाच वेळा झाल्यावर ती उठली.

"आता मी मोजणार नाही. ती पोरगी बरोबर आहे, तुम्ही चूक, आणि माझी डाळ भिजली."

गच्चीवर वाळत घातलेली डाळ होती.

सोमवारी तू आलीस तेव्हा मी एवढंच म्हणालो, "कोन राहू दे तसाच."

"म्हणजे मी बरोबर?"

"कोन बरोबर आहे म्हटलं. तू बरोबर आहेस असं म्हटलेलं नाही."

तेव्हापासून मी तुला अगं-तुगं करायला लागलो आणि तू हक्काने माझ्या डब्यावर डल्ला मारायला लागलीस. मुडीत, म्हणजे इथल्या कुरमुऱ्यांत, काकूची लसणाची चटणी कालवून खायचीस. शेडमधले सगळे बंगाली कारागीर नाकाला रुमाल लावायचे.

बुडबुड्याचं श्रेय मात्र माझं. ते मी कुणाला घेऊ देणार नाही, तुलाही नाही. पंप सुरू व्हायचा, थोडा वेळ चालायचा आणि मग चकती नुसती थरथरत राहायची, पाणी जागचं हलेना. तू वीज बदललीस, चकती बदललीस, रडकुंडीला आलीस. मी भिंगातून बघितलं. खोलीच्या तळाशी, भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यात हवेचा मोहरीएवढाही नाही असा बुडबुडा बसलेला. चकतीचा सगळा जोर त्याला दाबण्यात जात होता. मी म्हटलं, "कढई घासणाऱ्या बाईला विचार, पातेल्यापेक्षा कढई का लवकर साफ होते. कोपराच ठेवू नकोस." गोल तोंडाचं हत्यार घासून तयार केलं आणि तळाचा कोपरा वाटीसारखा उतरवला. पंप चालला. तू तुझ्या लेखाच्या शेवटी माझं नाव घातलंस. काकूने ते पान देवघराशेजारी लावलं. अजून आहे.

तर मी तुला मदत केली नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. आता उरलेलं सांगतो.

दीड वर्षापूर्वी तू नवीन चित्र आणलंस. पंप तोच, पण वाटांच्या तोंडांचा विचार नवा. दोन वाटा, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे चार तोंडं. तू म्हणालीस, "अरुंद दोन तोंडं गोलसर करा, पाणी आत शिरताना ठेच लागायला नको. रुंद दोन तोंडांची धार मात्र तशीच ठेवा. उलट जाणाऱ्या पाण्याला तिथे ठेच लागली पाहिजे." त्या दोन तोंडांपाशी तू लाल पेन्सिलीने लिहिलंस, 'इथे हात लावायचा नाही.'

वैजू, मला ते लागलं. माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, काम हातावेगळं करण्याआधी नख फिरवायचं. नखाला जे लागलं ते काम अर्धवट. साठ वर्षांत माझ्या शेडमधून नखाला लागणारी वस्तू बाहेर गेली नाही. आणि तू मला लिहून देतेस, हात लावायचा नाही.

"धार ठेवलेलं काम मी देत नाही," मी म्हटलं.

"मग यावेळी द्या."

"लोक म्हणतील मिस्त्रीची नजर गेली."

"ते तोंड केसाएवढं आहे, काका. लोक कुठले बघणार?"

"विश्वकर्मा बघतो."

तू हसलीस. मी थट्टा करत नव्हतो. विश्वकर्मा पूजा चार दिवसांवर होती. हावड्यात त्या दिवशी एकही मशीन चालत नाही. आदल्या दिवशी सगळी धुऊन पुसून तेल लावून ठेवायची, सकाळी मूर्तीपुढे हत्यारं मांडायची. आणि माझ्या शेडची आणखी एक रीत, त्या वर्षीचं सगळ्यात नाजूक काम मूर्तीपुढे ठेवायचं. त्या वर्षी ते तुझंच होतं. काचेसारख्या प्लास्टिकची, पंप कोरलेली तुझी पट्टी, बोटाच्या पेराएवढी. मी ती पूर्ण केली होती, तुझ्या चित्राप्रमाणे. दोन तोंडं गोल, दोन तशीच.

मूर्तीपुढे ठेवायला उचलली. भिंग लावलं. त्या दोन धारा मला अशा दिसल्या, जशी सदऱ्याची न शिवलेली बाही. हे मी देवापुढे ठेवू? बांबूची काडी टोकदार केली, तिला पॉलिशची पेस्ट लावली, आणि हात फिरवला. दोनदा फिरवला असेल, जास्त नाही. मग पट्टी मूर्तीपुढे ठेवली. फार देखणी दिसली.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी तू न्यायला आलीस. "चित्राप्रमाणे ना, काका?"

मी म्हटलं, "चित्राप्रमाणे."

तू पट्टी कापसात ठेवलीस. मी विचारलं, "भिंगाखाली बघणार नाहीस?" कशाला विचारलं कोण जाणे. बहुतेक पकडलं जावं असं वाटलं असेल. तू म्हणालीस, "तुमचं काम मी तपासत नाही."

पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. पंप चालला, पण आधीच्यापेक्षा जरासाही जास्त नाही. तू पुन्हा मोजलंस. गणित पुन्हा मांडलंस. सहा महिने तू त्या एका पानावर होतीस. एकदा दुपारी शेडमध्ये मुडी खाता खाता म्हणालीस, "खोडलं मी ते पान. धारेने काही फरक पडत नाही. माझंच डोकं भलतीकडे गेलं होतं." मी म्हटलं, "होतं असं." हे दोन शब्द मी बोललो, वैजू. मला खरं तर थोडं बरंही वाटलं. मी जिंकलो होतो ना.

मग तुझं दुखणं. तुझ्या वयाच्या माणसाला एवढ्या भराभर ते खाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. रुग्णालयात काकूला घेऊन आलो, तेव्हा तू उशीला टेकून होतीस, मनगटं काडीसारखी. काकूने पेजेचा डबा उघडला तर तू तिला सोडून माझ्याशी पंपाचं बोलायला लागलीस.

"काका, पुढच्या पट्टीला चारही तोंडं गोल करा. तुमच्या मनासारखं."

मी म्हटलं, "बरी हो आधी. मग बघू."

शेजारी काकू होती, तुझा भाऊ होता, नर्स येत-जात होती. माणसं होती म्हणून मी बोललो नाही, असं मी मनाशी धरून बसलो होतो. खोटं आहे. आपण दोघंच असतो तरी मी बोललो नसतो.

तू गेल्यावर महिन्याने शर्मिष्ठा आली. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, ही तुझी विद्यार्थिनी, तुझ्या हाताखाली सहा वर्षं काम केलेली. मला 'दादू', म्हणजे आजोबा, म्हणते, तुला 'दिदी' म्हणायची, माझ्याशी हिंदीत बोलते, मध्येच तुझ्याकडून उचललेला एखादा मराठी शब्द घालते, 'अरे देवा' वगैरे. तिने चित्र पसरलं. हे शेवटचं, म्हणाली. यानंतर पंपाचा साचा होणार, मग तो हजारोंनी निघणार, बदल करता येणार नाही. मी पाहिलं. चारही तोंडं गोल.

"आणि अहवालात मी सगळं लिहिणार आहे, दादू. दिदींची धारेची कल्पना होती, करून पाहिली, फरक पडला नाही. त्यांचं नाव घालून, प्रामाणिकपणे."

म्हणजे तुझं नाव छापून येणार, आणि त्याच्यापुढे चूक. तुझी नाही, माझी.

चहा आला होता. मी म्हटलं, "ते लिहू नकोस."

"का?"

"करून पाहिलेलंच नाही ते. धार मी मोडली होती. तिला सांगितलं, चित्राप्रमाणे केलंय."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. "दादू, सहा महिने दिदी तेच गणित करत होत्या. मला म्हणायच्या, बघ गं, माझं कुठे चुकतंय का."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही इथे बसून त्यांना मुडी खायला घालत होतात?"

पोरीने चहाला हात लावला नाही. चित्र गुंडाळलं आणि गेली. शेडमधले सगळे माझ्याकडे बघत होते. साठ वर्षांत त्या शेडमध्ये मला कुणी असं बोललं नव्हतं. मी खोटं सांगत नाही, राग आला. तिचा नाही, चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं याचा. मग तोही गेला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "नवीन पट्टी करा. दिदींच्या चित्राची. मी समोर बसणार."

"बस."

बसली. सकाळपासून, तुझ्याच लाकडी पेटीवर. मी वाटा कापल्या, खोली कापली, तळ वाटीसारखा उतरवला, दोन अरुंद तोंडं गोल केली. मग उरली ती दोन रुंद तोंडं. आता यातली खरी गोष्ट सांगतो, जी मला त्या दिवशी कळली. कापताना कडेला केसासारखं कूस उभं राहतं, आम्ही त्याला बर म्हणतो. ती बर तर काढलीच पाहिजे, नाहीतर तुटून वाटेत अडकेल. बर काढायची आणि धार मात्र जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे हात कुठे थांबवायचा ते हाताला कळलं पाहिजे. गोल करणं त्यापेक्षा किती सोपं! हात फिरवला की झालं, थोडा जास्त फिरला तरी कुणाला दिसत नाही. साठ वर्षं मी ज्याला सफाई म्हणत होतो, ती कामातली सोपी बाजू होती. तू मला अर्धवट काम सांगितलं नव्हतंस, वैजू. जास्त कठीण काम सांगितलं होतंस. मी तेवढा कारागीर आहे असं तुला वाटलं होतं.

आणि आहे मी. पहिल्या पट्टीत एक धार गेली. दुसरीत बर राहिली. तिसरी साधली. या वयात, या डोळ्यांनी.

शर्मिष्ठाने ती भिंगाखाली घातली, मला न विचारता. बराच वेळ बघितलं. मग जुनी पट्टी घातली, विश्वकर्म्यापुढची. दोन्ही उचलल्या आणि म्हणाली, "चला."

मी तुझ्या प्रयोगशाळेत कधी आलो नव्हतो. तू कितीदा बोलावलंस. मला वाटायचं, तिथल्या गार खोलीत चपला कुठे काढायच्या तेही मला कळणार नाही. चपला काढाव्या लागत नाहीत. दोन पंप शेजारी शेजारी मांडले, तीच चकती, तीच वीज. पाण्यात लाल रंग. प्रत्येकाच्या पुढे बारीक काचेची नळी, नळीवर खुणा. शर्मिष्ठाने कळ दाबली. दोन लाल रेघा निघाल्या. थोडा वेळ बरोबर चालल्या, निदान मला तरी तसं वाटलं, आणि मग तुझी पुढे गेली. जराशी नाही, चांगली पुढे. किती ते मी लिहीत नाही. आकडा शर्मिष्ठा सांगेल, ते तिचं काम आहे. तिने पाच वेळा केलं. पाचही वेळा तुझीच पुढे.

मग तिने तुझी वही काढली. ते पान उघडलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण खोडलेलं कुठल्याही भाषेत कळतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली, पेन दाबून ओढलेली.

"दिदींच्या वहीत मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "ज्याने केलं त्याने लिहायचं."

"मला इंग्रजी येत नाही."

"मराठीत लिहा. दिदींना येत होतं."

मी लिहिलं. 'पूजेच्या दिवशीची पट्टी चित्राप्रमाणे नव्हती. रुंद तोंडांची धार मी मोडली आणि तसं सांगितलं नाही. या पानावरचं गणित बरोबर आहे.' खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मंडळाच्या संपादकांनाही सांगून ठेवलंय, माझ्या लेखातलं शुद्धलेखन हवं तेवढं सुधारा, पण यातलं एक वाक्य गाळायचं नाही.

एक कबूल करतो. ही कबुली द्यायला तू समोर नाहीस, म्हणून ती देणं सोपं गेलं. तू असतीस तर मी आणखी दहा वर्षं ताणून धरलं असतं. तेवढं भांडण माझ्या वाट्याला यायला हवं होतं.

काल शर्मिष्ठाने साच्याचं चित्र आणून दिलं. अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण काम दुसऱ्या कुणाकडे नेलं नाही. दोन तोंडं गोल, दोन धारेची. खाली इंग्रजीत दोन नावं. मी म्हटलं, वाचून दाखव. तिने बोट ठेवून वाचलं, आधी तुझं, मग तिचं. मी म्हटलं, पहिलं पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग मी मशीन सुरू केलं.